टाकीच्या भोंग्याचं किट केवढ्याला विकावं?

सोलापुरात हातकामाला दर असतो. विडीचं पान आणि तंबाखू कारखान्याचा, वळणाऱ्या बाईला हजारामागे मजुरी. चादरी-टॉवेलच्या मागावरही काम मोजून पैसे. सूत महागलं म्हणून यंदा विणकराची मजुरी धरायची नाही, असं कुठला कारखानदार म्हणत नाही. पण इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेली मंडळी आपल्या गटात आपापसांत किट (सुटे भाग आणि माहितीपत्रक, जोडायचं घेणाऱ्याने) विकायला लागली की हिशेब भलताच होतो. सुट्या भागांची बेरीज, वर पंधरा-वीस टक्के, आणि "आपलीच माणसं आहेत". मजुरी शून्य, हरवलं-फुटलं शून्य. असं किट एकदाच निघतं. दुसऱ्यांदा कुणी मागितलं की काढणारा विषय बदलतो.

माझी कसोटी साधी आहे. उद्या तुमच्या जागी शेजारच्या पोराला तासाचे पैसे देऊन पुड्या भरायला बसवलं, तर त्याच किमतीत किट विकता येईल का? येत नसेल तर फरक तुमच्या खिशातून जातोय.

उदाहरणाला एक खरंखुरं उपयोगाचं किट घेऊ: टाकी भरल्याचा भोंगा. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, कधी अपरात्री येतं, आणि हौद किंवा गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली तरी घरात कळत नाही. म्हणून या किटला गिऱ्हाईक आहे. चार पातळ्यांचे चार एलईडी, वरची पातळी गाठली की बझर.

सर्किट सीडी४०१०६ या एकाच आयसीवर, म्हणजे एका चिपवर, बसतं. आत सहा श्मिट इन्व्हर्टर (इनपुट चढलं की आउटपुट उतरवणारे) आहेत. एक ऑसिलेटर, म्हणजे सतत चढउतार करणारा सिग्नल देणारा (१०० के म्हणजे १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, साधारण १ किलोहर्ट्झ), चार पातळ्यांना चार, आणि सहावा बीसी५४७ ट्रान्झिस्टरमार्फत बझरला. सहाही वापरात, एकही इनपुट लोंबकळत नाही. ऑसिलेटरचा सिग्नल १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून टाकीतल्या एका बोल्टवरून पाण्यात जातो आणि प्रत्येक पातळीच्या बोल्टवरून तशाच कपॅसिटरमधून परत येतो. दर पातळीला दोन १एन४१४८ डायोड त्याचं डीसी करतात आणि ते इन्व्हर्टरच्या इनपुटला मिळतं. पाण्यातून सरळ डीसी सोडलं तर इलेक्ट्रॉलिसिस होतं, बोल्ट खातो, पाण्यात गंज उतरतो. एसी सोडलं की ती कटकट जाते. बोअरचं जड पाणी असेल तर बोल्टवर पांढरा थर मात्र चढतोच, तो अधूनमधून खरवडावा लागतो. हे माहितीपत्रकात लिहा, नाहीतर वर्षभराने "किट बिघडलं" म्हणून फोन येतो.

आता भाग. खालचे दर २५ किटांच्या लॉटसाठी, जीएसटी धरून, हिशेबापुरते घेतले आहेत. तुमच्या बिलातले आकडे घालून बेरीज पुन्हा करा, रीत तीच राहते.

पीसीबी (भाग जोडायचा छापील बोर्ड) ४२ रुपये. आयसी १४ आणि १४ पायांचा सॉकेट ४, म्हणजे १८. डायोड ८, सत्तर पैशांप्रमाणे ५.६०. शंभर नॅनोफॅरडचे सिरॅमिक १० नग (पाण्यात जाणारा १, पातळ्यांचे ४, डायोडनंतरचे ४, सप्लायवर १) नव्वद पैशांनी ९, आणि १० नॅनोफॅरडचा एक १ रुपया. रेझिस्टर १० नग, तीस पैशांनी ३. एलईडी ४, सहा रुपये. बीसी५४७, उलट्या पोलॅरिटीपासून वाचवणारा १एन४००७ डायोड आणि १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर मिळून ४.५०. बारा व्होल्टचा बझर १८. डीसी जॅक ७, बझर बंद करायचा स्लाइड स्विच ५. स्क्रू टर्मिनल दोनाचं आणि तिनाचं मिळून १३. स्टेनलेस स्टीलचे एम४ बोल्ट, प्रत्येकी दोन नट आणि एक लग (तार जोडायची कडी), असे पाच संच ३५ रुपये. झाले १६७.१०. झिपच्या पिशव्या, लेबलं आणि खोका १४, माहितीपत्रक ६. एकूण १८७.

बोल्टचे ३५ रुपये बघा. आयसीच्या अडीच पट. नवशिके इथेच काटकसर करतात आणि साधे लोखंडी स्क्रू घालतात. तसं करू नका. सर्किट पाहून कुणी किटला नावं ठेवत नाही, गंजलेला स्क्रू पाहून ठेवतात. बोल्ट सोलापुरातच हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. फक्त एक-दोन नग चुंबकाला लावून पाहा. ३०४ प्रतीचं स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही, कटकन चिकटलं तर प्रश्न विचारा.

१८७ वर अठरा टक्के चढवले की २२० होतात. बहुतेक जण इथेच थांबतात. पण खर्च अजून संपलेला नाही.

माल सोलापूरपर्यंत यावा लागतो. पुण्यात बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाच्या परिसरातून मागवा किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, कुरिअर लागतंच. दोन पार्सलं मिळून ३०० रुपये धरले तर किटमागे १२. "मी पुण्याला जाणारच होतो" हा हिशेब एका लॉटपुरता चालतो. पुढच्या वेळी जाणं नसलं की अडीचशे किलोमीटरचं एसटीचं तिकीट कुणाच्या नावावर टाकायचं?

घट. भाग मोजताना सांडतात, आयसीचा पाय मोडतो, एलईडीच्या पुडीत दोन मुके निघतात. भागांच्या किमतीवर ४ टक्के धरा, ७ रुपये. यातच एक गोष्ट जाणीवपूर्वक करा: प्रत्येक किंमतीचा रेझिस्टर एक-एक जास्त आणि डायोड एक जास्त. जेमतेम दीड-दोन रुपये लागतात. तीस पैशांचा रेझिस्टर कमी पडला तर तो पाठवायला टपालखर्च त्याच्या शेकडोपट होतो. आयसी आणि बझर मात्र जास्तीचे कधीच घालू नका. ते लोक काढून ठेवतात आणि "एक जास्त आला" असं कुणी सांगत नाही.

बदली. काळजी घेतली तरी पंचवीसातल्या दोघांना काहीतरी पुन्हा पाठवावं लागेल असं धरून चाला. पाकीट, टपाल आणि भाग मिळून ७५ रुपये, दोघांचे १५०, किटमागे ६.

आता २२० ची परीक्षा घेऊ. पंचवीस किटांचे भाग ४,६७५, आणणावळ ३००, घट १७५, बदली १५०. हातातून गेले ५,३००. पंचवीसच्या पंचवीस खपतात असं नाही. तेवीस खपले तर २२० ने आले ५,०६०. म्हणजे मजुरीचा एक पैसा न धरता, डिझाइनचा खर्च न धरता, २४० रुपये रोख तोटा. "नफा नको, खर्च निघाला की पुरे" म्हणणाऱ्याचा खर्चही निघत नाही, तो असा.

मजुरी कशी मोजायची? घड्याळ लावून. अंदाजाने सांगितलेला वेळ नेहमी निम्मा असतो. या किटला पुड्या भरायला नगामागे १२ मिनिटं, खोका बांधून पत्ता लिहून टपालात देईपर्यंत ६, आणि विकल्यानंतरच्या शंकांना सरासरी ८. झाली २६. शिवाय लॉटमागे एकदाच लागणारा वेळ आहे: मागणी नोंदवणं, आलेला माल मोजून तपासणं, त्यातलं एक किट स्वतः जोडून बघणं. त्याला साडेतीन तास, म्हणजे किटमागे साडेआठ मिनिटं. सगळं मिळून साधारण ३४ मिनिटं. तासाला १०० रुपये धरले तर ५७. हा दर तुमच्या नोकरीच्या पगाराचा नाही, पुड्या भरणाऱ्या पोराला जे द्याल त्याचा आहे. मोठ्या पगाराचा इंजिनिअर रेझिस्टर मोजत बसला म्हणून रेझिस्टर महाग होत नाही.

बारा मिनिटं हा आकडाही आपोआप येत नाही. एकेक पिशवी उघडून यादी वाचत भरत गेलात तर पंचवीस मिनिटं लागतात आणि चुकाही होतात. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या. त्यात तीस खळगे असतात. पंचवीस वापरायचे, पाच पालथे समजायचे. एका वेळी एकच भाग हातात घ्यायचा आणि सगळ्या खळग्यांत वाटायचा. वाटायच्या आधी तो नेमका मोजून बाजूला काढायचा: एलईडी बरोबर १००, डायोड २२५ (आठ आणि एक जास्तीचा). वाटप संपल्यावर हातात एक उरला किंवा शेवटच्या खळग्याला एक कमी पडला तर चूक झाली आहे, तिथल्या तिथे शोधा. ट्रे उचलून भाग पिशव्यांत गेल्यावर शोधायला बसलात तर सगळी संध्याकाळ जाते.

रेझिस्टरची गंमत वेगळी. किटात १०० के पाच, ४.७ के चार, १० के एक. पाच पट्ट्यांच्या एक टक्कावाल्यांत पहिल्या चार पट्ट्या पाहिल्या तर १० के म्हणजे तपकिरी-काळा-काळा-लाल आणि १०० के म्हणजे तपकिरी-काळा-काळा-नारिंगी. रात्री ट्यूबच्या उजेडात लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात. म्हणून रेझिस्टर ज्या कागदी पट्टीवर येतात तिच्यातून सुटे करू नका. पट्टीसकट कापा, कागदावर किंमत लिहून स्टेपल करा. तीन तुकडे, तीन चिठ्ठ्या. एक मिनिट जास्त लागतं, पुढची आठ मिनिटांची फोनाफोनी वाचते. आयसी मात्र ट्रेमध्ये नको. तो सीमॉस जातीचा आहे, आणि आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी पार करणारा आणि कोरडा. बोटाला न जाणवणारी स्थिर वीजही त्याला मारते. सॉकेट ट्रेमध्ये टाका, आयसी काळ्या फोमच्या तुकड्यात खोचून शेवटी घाला.

भाग घेताना होणाऱ्या तीन चुका किंमत खाऊन टाकतात, म्हणून इथेच सांगतो. पहिली: दुकानदार सीडी४०१०६ नाही म्हणून ७४एचसी१४ देतो, "पिन टू पिन सेम" म्हणतो. पायांची मांडणी सारखीच आहे, खोटं नाही. पण एचसी मालिका ६ व्होल्टपर्यंतची. आपलं किट बारा व्होल्टवर चालतं, त्यावर लावला की मेला. दुसरी: बीसी५४७ ऐवजी २एन३९०४. चालतो, पण पाय उलटे. सपाट बाजू समोर धरली तर बीसी५४७ चे पाय कलेक्टर-बेस-एमिटर आणि याचे एमिटर-बेस-कलेक्टर. पीसीबीवरच्या चित्राप्रमाणे लावला की बझर नीट वाजत नाही. तिसरी: बझर. आत ऑसिलेटर असलेला आणि नसलेला, दोन्ही दिसायला काळे, गोल, सारखे. ऑसिलेटर नसलेला डीसीवर एकदा 'टक' करतो आणि गप्प बसतो. दुकानातच बारा व्होल्ट लावून ऐका. पंचवीस किटांत चुकीचा बझर गेला तर बझरचे ४५० गेलेच, वर पंचवीस पाकिटांचं टपाल.

डिझाइनचा खर्च लपलेला असतो, कारण तो आधीच होऊन गेलेला असतो. याच सर्किटात डायोडनंतरचा ग्राउंडकडे (सप्लायच्या ऋण टोकाकडे) जाणारा रेझिस्टर आधी १ मेगाओहम घालावासा वाटतो. टेबलावर, हातभर वायरवर, सुरेख चालतं. टाकीपर्यंत पंधरा मीटर केबल टाकली की कोरड्या टाकीतही चारही एलईडी पेटतात. कारण केबलच्या शेजारशेजारच्या तारांत मीटरला ५० ते १०० पिकोफॅरड असतात, पंधरा मीटरचे सुमारे १ नॅनोफॅरड झाले. एक किलोहर्ट्झला एवढ्यातून दहा-अकरा मायक्रोॲम्पिअर येतात आणि मेगाओहमवर इन्व्हर्टर उलटायला ते पुरतात. तोच रेझिस्टर १०० के केला की जेमतेम एक व्होल्ट उरतो, इन्व्हर्टर ढिम्म. हे कळेपर्यंत पीसीबीच्या दोन-तीन फेऱ्या, वायर, फुकट गेलेले आयसी असा खर्च होतो. तो २,४०० धरू. सगळा पहिल्या लॉटवर टाकला तर किटमागे ९६, किट कुणी घेणार नाही. तीन लॉट, पंचाहत्तर किटांवर पसरला तर ३२. तीन लॉट खपतील अशी खात्री नसेल तर दोनांवर पसरा आणि किंमत वाढू द्या. दहा लॉटांवर पसरणं म्हणजे स्वतःला फसवणं.

आता बेरीज. भाग १८७, आणणावळ १२, घट ७, बदली ६, मजुरी ५७, डिझाइन ३२. एकूण ३०१. पंचवीस बांधून तेवीस खपणार, म्हणून ३०१ गुणिले २५ भागिले २३, आले ३२७. न खपलेल्या दोघांना टपाल आणि फोनाफोनी लागत नाही, तेव्हा हा आकडा किंचित जास्त आहे. असू द्या, पुढच्या लॉटला आयसी दोन रुपयांनी महाग मिळाला की तो तिथे जातो. त्यावर सात टक्के, ३५०. टपाल वेगळं.

साडेतीनशे म्हणजे भागांच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून "भागांच्या दुप्पट" हा ठोकताळा लोकांच्या तोंडी बसतो, पण तो सरसकट लावू नका. ५५५ या आयसीवरच्या दिवे उघडझाप किटचा माल ४५ रुपयांचा. पुडी भरायला, पाठवायला, समजावायला वीस मिनिटं तरी लागतात, त्याचे ३३. आणणावळ-घट धरून ९० च्या आसपास खर्च. ते ११०-१२० च्या खाली परवडत नाही, म्हणजे अडीचपट. उलट ट्रान्सफॉर्मरसकट अँप्लिफायरचं किट १,४०० च्या मालाचं असेल तर मजुरी पन्नास-साठ रुपयांनीच वाढते. तिथे दुप्पट मागितलीत तर लोक हसतील. सव्वापट पुरते, फक्त अडकलेल्या भांडवलाची भीती जास्त, म्हणून आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय ते किट काढू नका. गुणक भागांवरून ठरत नाही, मिनिटांवरून ठरतो.

लॉट केवढा? पीसीबीचा दर इथे भुलवतो. समजा २५ नगांना ४२ चा भाव आहे आणि १०० नगांना २४. शंभर घेतले तर २,४०० लागले. किट खपले चाळीस. म्हणजे पीसीबी ६० ला पडला, साठ बोर्ड कपाटात. पंचवीस-पंचवीस असे दोनदा घेतले असते तर २,१०० मध्ये, चाळीसांवर ५२ रुपये ५० पैसे. शिवाय मधल्या वेळात बोर्डात सुधारणा करता आली असती. आधी पन्नास खपू द्या, मग शंभराचा विचार. रेझिस्टर-डायोडचं वेगळं. ते शेकड्यानेच मिळतात, उरणारच. उरलेल्याची किंमत शून्य धरा, साठा म्हणून वहीत मिरवू नका. आयसी आणि बझर उरले तर मात्र पुढच्या लॉटला मोजून घ्या.

गटात "मलाही एक ठेव" म्हणणारे आणि पैसे पाठवणारे हे दोन वेगळे समुदाय आहेत. यादीवर विश्वासून पीसीबी मागवू नका. निम्मी रक्कम यूपीआयने आली की नाव पक्कं. पीसीबीची मागणी गेली की ती रक्कम परत मिळणार नाही, हे आधीच लिहून टाका. संकोच वाटतो, पण नंतरच्या अबोल्यापेक्षा बरा.

सवलत द्यायची तर जेवढा खर्च वाचला तेवढीच. कॉलेजच्या पोरांनी पाच किटं एकत्र घेतली तर एकच खोका, एकच पत्ता. चार वेळचं बांधणं-पाठवणं वाचलं, म्हणजे २४ मिनिटं, ४० रुपये, आणि चार खोके. शंका विचारणाराही बहुधा एकच असतो. म्हणून १,७५० ऐवजी १,६५० घ्या. "आपला माणूस" म्हणून प्रत्येकाला पन्नास सोडलेत तर गटात सगळेच आपले आहेत, मग साडेतीनशे देणारा कोण?

"जोडूनच द्या, अर्ध्या तासाचं काम" असंही येतं. सोल्डरिंग पाऊण तास, ग्लासात पाणी घेऊन चारही पातळ्या तपासणं पाव तास. तासाचे १०० झाले. शिवाय जोडलेल्या वस्तूची जबाबदारी तुमची. किटात चूक झाली तर "सोल्डर तपासा" म्हणता येतं, इथे वस्तू परत येते. ५०० च्या खाली देऊ नका. प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहून मागणाऱ्याला नाही म्हणा, त्याची किंमत ठरवायच्या भानगडीत पडू नका.

नुसता पीसीबी मागणाऱ्याला ४२ चा बोर्ड ५० ला देणं ही आणखी एक चूक. डिझाइनचे ३२ त्यानेही द्यायला हवेत. पाकीट, माहितीपत्रक, पाठवायचा वेळ धरून १०० रुपये योग्य. आणि गंमत अशी की सर्वात जास्त शंका यालाच असतात, कारण भाग त्याचे स्वतःचे. घरात पडलेले मेगाओहमचे रेझिस्टर तो लावणार, आणि कोरड्या टाकीत दिवे पेटले की फोन तुम्हाला. बोर्डवरच रेझिस्टरशेजारी '१०० के' ठळक छापा.

अडॅप्टर किटात घालू नका. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक असलेला बारा व्होल्टचा अडॅप्टर ज्याने-त्याने घ्यावा. खुणेशिवायचे स्वस्त अडॅप्टर तुमच्या नावाने लोकांच्या घरात लावणं परवडणारं नाही. जुने ट्रान्सफॉर्मरवाले 'बारा व्होल्ट' अडॅप्टर मोकळे असताना सोळा-सतरा देतात. सीडी४०१०६ ची मर्यादा १८, म्हणजे आयसी कडेलोटावर उभा. पत्रकात 'रेग्युलेटेड' (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) असं लिहा. मोटर आपोआप बंद करणाऱ्या रिलेची मागणीही होते. २३० व्होल्ट आले की फ्यूज, अंतरं, पेटी, अंगावरची जोखीम असा सगळाच हिशेब बदलतो. ते "पन्नास रुपये जास्त" घेऊन करायचं काम नाही.

टपाल किमतीत मिसळू नका. सोलापुरातच सात रस्त्यावर हातोहात घेऊन जाणाऱ्याने नागपूरच्या पार्सलचे पैसे का भरावेत? खोक्यासकट वजन २५० ग्रॅमच्या आत ठेवा, स्पीड पोस्टात तिथे टप्पा बदलतो. पाच बोल्ट आणि दहा नट हीच यातली जड वस्तू. ते वेगळ्या पिशवीत, पुठ्ठ्यात गुंडाळून. मोकळे राहिले तर प्रवासात एलईडीचे पाय वाकवतात आणि सॉकेट फोडतात.

जीएसटीचं थोडक्यात. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावता येत नाही आणि भागांवर भरलेला १८ टक्के परतही मिळत नाही. म्हणून वरचे सगळे दर करासकट धरले. पण मर्यादेची ही सूट राज्याबाहेर माल विकताना चालत नाही, तिथे नोंदणी लागते. आपल्याला विजापूर, कलबुर्गी पुण्याहून जवळ, पण कराच्या हिशेबात ते परराज्य. तिकडच्या मित्रांची मागणी वाढली तर आधी सीएशी बोला. आणि खोक्यात बंद करून किरकोळ विकायचं म्हटलं की लेबलावर नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग, महिना-वर्ष, करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क या गोष्टी लागतात. ते लेबल सुरुवातीपासूनच छापा, दीड रुपयाचं काम आहे.

"असलंच तयार मॉड्यूल ऑनलाइन सव्वाशेत मिळतं" हे ऐकायला मिळेल. मिळतंही. त्याच्याशी किमतीत झुंजू नका. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्याच नावाने दुसरीकडची चादर स्वस्तात विकली जातेच. म्हणून काही इथला माल त्या भावात देता येत नाही. ज्याला फक्त भोंगा हवाय त्याला सरळ सांगा, तयार घे. किट घेणारा बोल्ट, जुळवलेले भाग, चालणारं सर्किट आणि चार पानांचं पत्रक घेतो. पत्रक नीट लिहिलं तर शंकांची आठ मिनिटं चारावर येतात, म्हणजे किटमागे सहा-सात रुपये दर लॉटला वाचतात. त्यात पहिल्या पानावर एकच चाचणी ठेवा: टाकीवर चढण्याआधी पाचही तारा ग्लासभर पाण्यात. चार दिवे आणि बझर. नाही लागले तर कुठल्या पायावर किती व्होल्ट दिसायला हवेत त्याचा तक्ता खाली.

किंमत लॉटच्या मध्ये बदलू नका. खोक्यावर लॉट क्रमांक टाका, आणि वाढवायची असेल तर पुढच्या लॉटची मागणी घेण्याआधीच सांगा, कशामुळे वाढली तेही. बझर महागला म्हटलं की गटात कुणी कुरकुरत नाही, बझरचे भाव त्यांनाही माहीत असतात.

न खपलेली दोन किटं वर्षभराने निम्म्या किमतीत काढायचा मोह होतो. काढू नका, पूर्ण किमतीत घेतलेले तेवीस जण तिथेच आहेत. एक सीलबंद ठेवा: "माझ्या पुडीत तीनच एलईडी होते" असं कुणी म्हणालं की उघडून बघायला तोच लॉट हाताशी हवा. दुसरं फोडा आणि बदलीच्या डब्यात टाका. त्यातला बझर पहिल्या महिन्यातच कुणाला तरी लागतो.